दंड थकलेल्या हप्त्यावर हवा, सगळ्या कर्जावर नको

एक लाखाचे कर्ज, व्याज वर्षाला 18 टक्के, मुदत 24 महिने. महिन्याचा हप्ता 4,992 रुपये येतो. सहा हप्ते वेळेवर भरले की साधारण 78,244 रुपये मुद्दल शिल्लक राहते. आता सातवा हप्ता एक महिना थकला आणि करारात ‘थकबाकीवर दरमहा 2 टक्के दंड’ असे लिहिलेले आहे. ‘थकबाकी’ म्हणजे न भरलेला हप्ता असे धरले, तर दंड 100 रुपये होतो. ‘थकबाकी’ म्हणजे येणे असलेली सगळी बाकी असे धरले, तर तोच दंड 1,565 रुपये होतो. कर्जदार तोच, चूक तीच, करारातले वाक्यही तेच; फरक पंधरा पटींहून जास्त.

कर्जावरच्या दंडाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक दराभोवती फिरते. दोन टक्के की तीन, यावर वाद होतो. दंड कशावर, किती दिवसांसाठी, कितीदा आणि पैसे आले की आधी कुठल्या खात्यात जमा होणार, हे चार प्रश्न दरापेक्षा मोठे आहेत आणि राज्याचा कायदा नेमका तिथेच मोघम आहे. या मोघमपणाची किंमत मोजणारा माणूस बहुधा छोटा कर्जदार असतो आणि त्याच्या मागोमाग त्याचा जामीनदार.

सावकारीवर कायदा करण्याचा अधिकार राज्याचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत तिसाव्या नोंदीत सावकारी आणि शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणापासूनचा दिलासा हे विषय आहेत. बँकिंग मात्र केंद्राच्या यादीत. महाराष्ट्राने या अधिकारात 1946 चा मुंबई सावकारी अधिनियम बाजूला करून महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आणला. त्याखाली सप्टेंबर 2014 मध्ये व्याजाचे कमाल दर ठरले: शेतकऱ्याला तारण कर्ज 9 टक्के आणि विनातारण 12; इतरांना तारण 15 आणि विनातारण 18. चक्रवाढ व्याजाला बंदी आहे, मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही आणि परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या कायद्यात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. व्याजाची व्याख्या. मुद्दलाहून जास्त घेतलेली कोणतीही रक्कम, तिला नाव काहीही द्या, व्याजच धरली जाते. दस्ताचे मुद्रांक शुल्क, नोंदणी, तारण मालमत्तेचा शोध अशा प्रत्यक्ष खर्चापुरती सूट आहे. म्हणजे परवानाधारक सावकाराने ‘उशीर शुल्क’, ‘वसुली खर्च’, ‘फाइल चार्ज’, ‘माणूस पाठवल्याचे पैसे’ असे काहीही लावले तरी ते व्याजाच्या कमाल दरात बसले पाहिजे. नाव बदलून पळवाट काढण्याचा रस्ता व्याख्येतच बंद केलेला आहे. हे तत्त्व 1946 च्या कायद्यातही होते.

पण हा कायदा ज्यांना लागू आहे ते परवानाधारक सावकार आजच्या कर्जव्यवहाराचा अगदी लहान भाग आहेत. दुचाकी, मोबाइल, बचत गटाचे कर्ज, सोनेतारण, दुकानाचे खेळते भांडवल, हा सगळा पैसा येतो बिगर-बँक वित्त कंपन्यांकडून, नागरी बँकांकडून आणि पतसंस्थांकडून. सावकारी कायद्यातल्या ‘कर्ज’ या शब्दाच्या व्याख्येतून त्यांना वगळलेले आहे. शिवाय 10 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेडुमपिल्ली फायनान्स कंपनी विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात ठरवून टाकले की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगर-बँक वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लावता येणार नाहीत. केरळचा 1958 चा आणि गुजरातचा 2011 चा कायदा त्या निकालात होता. रिझर्व्ह बँक अधिनियमातले नियंत्रण जन्मापासून मरणापर्यंतचे, सर्वंकष आहे. त्यावर राज्याचा दुसरा थर चढवता येत नाही, असा त्याचा आशय. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने त्याच धर्तीवर आंध्र प्रदेशाचा मायक्रोफायनान्स (गरिबांना दिली जाणारी लहान, विनातारण कर्जे) कायदा अशा कंपन्यांना लागू नाही असे सांगितले.

तेव्हा वित्त कंपन्यांवर मुंबईतून कायदा करून दंडाची मर्यादा घालता येईल ही आशा सोडून द्यायला हवी. विधिमंडळात त्यावर भाषणे करण्यात वेळ जातो, हाती काही येत नाही. राज्याचा अधिकार जिथे निर्विवाद आहे तिथे मात्र काम पडून आहे: पतसंस्था.

रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी कर्जखात्यांवरच्या दंडाबद्दल परिपत्रक काढले. नव्या कर्जांना ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले आणि जुन्या कर्जांना जास्तीत जास्त 30 जून 2024 पर्यंत. त्याचा गाभा असा. हप्ता चुकला म्हणून व्याजदरातच वाढ करून ‘दंडव्याज’ घ्यायचे नाही. जे घ्यायचे ते वेगळे ‘दंडात्मक शुल्क’ म्हणून घ्यायचे. ते मुद्दलात मिसळायचे नाही, त्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही. रक्कम चुकीच्या प्रमाणात असली पाहिजे. घरगुती कारणासाठी कर्ज घेणाऱ्या व्यक्तीला, तशाच चुकीसाठी, व्यावसायिक कंपनीपेक्षा जास्त दंड लावायचा नाही. करारात आणि मुख्य माहितीपत्रकात तो लिहायचा, आठवणीच्या संदेशात सांगायचा आणि प्रत्यक्ष लावला की कारणासह कळवायचा.

हा नियम बँकांना, नागरी सहकारी बँकांना, गृहवित्त कंपन्यांना आणि बिगर-बँक वित्त कंपन्यांना लागू आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या पतसंस्थेला लागू नाही, कारण ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाही. एकाच बाजारपेठेत, एकाच रस्त्यावर एक नागरी बँक आणि एक पतसंस्था असेल, तर पहिलीला दंड मुद्दलात मिसळायला मनाई आहे. दुसरीत दंडव्याजाचा दर, पाया आणि पद्धत उपविधी, कर्जधोरण, संचालक मंडळाचा ठराव आणि सहकार खात्याची परिपत्रके यांच्या मेळातून ठरते. त्यात तिसरी संस्था बहुराज्यीय असेल तर तिचा निबंधक दिल्लीत. कर्जदाराला तिन्ही पाट्या सारख्याच दिसतात.

2019 मध्ये राज्याने सहकार कायद्यात बिगर-कृषी पतसंस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आणि नियामक मंडळाची तरतूद केली. ठेवी, तरलता, गुंतवणूक यांवर त्यात भर आहे आणि तो योग्यच होता. बुडालेल्या पतसंस्थांचे ठेवीदार अजून खेटे घालत आहेत. पण कर्जदाराकडून दंड कसा घ्यायचा याचे गणित कलमात लिहिण्याची संधी तेव्हा घेतली गेली नाही. ती आता घ्यावी, हे या लेखाचे म्हणणे.

गणित कुठे बिघडते ते बारकाईने पाहू, कारण कायद्याचा मसुदा तिथूनच सुचतो.

पहिला प्रश्न पायाचा, जो सुरुवातीच्या उदाहरणात आला. रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्सच्या मार्च 2022 च्या निर्देशांत हे एका वाक्यात मिटवले: उशिराचा दंड असेल तर तो थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. क्रेडिट कार्डांच्या 2022 च्या निर्देशांतही तसेच आहे. देय तारखेनंतर जेवढे शिल्लक राहिले तेवढ्यावरच विलंब आकार, आणि तोही तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच. इतके साधे वाक्य राज्याच्या कायद्यात लिहायला काहीच अडचण नाही.

दुसरा प्रश्न दिवसांचा. ‘महिना किंवा महिन्याचा भाग’ अशी शब्दरचना कर्जरोख्यात असली की तीन दिवसांच्या उशिराला पूर्ण महिन्याचा दंड बसतो. ठरावीक रकमेचा दंड तर याहून वाईट. समजा खात्यात पैसे कमी होते, हप्ता परत गेला म्हणून 500 रुपये लावले आणि कर्जदाराने तीन दिवसांनी पैसे भरले. 4,992 च्या हप्त्यावर ते तीन दिवसांचे दहा टक्के झाले. हप्ता 1,200 रुपयांचा असेल तर जवळजवळ 42 टक्के. मोठ्या कर्जदाराला 500 रुपये जाणवत नाहीत, लहान कर्जदाराचा आठवड्याचा किराणा त्यात जातो. ठरावीक रकमेचा दंड हा नेहमी लहान हप्त्यावर उलटा पडतो आणि लहान हप्ता नेहमी गरिबाचा असतो.

तिसरा प्रश्न, एका चुकीला किती दंड? हप्ता बँकेतून आपोआप वळता होण्याचा आदेश परत गेला की दोन्हीकडून कापले जाते. ज्या बचत खात्यात पैसे कमी होते ती बँक परतावा आकार घेते आणि कर्ज देणारी संस्था बाऊन्स चार्ज घेते. शिवाय उशिराचा दंड वेगळा. कर्ज देणाऱ्याने तोच आदेश पाच दिवसांनी पुन्हा पाठवला आणि तोही परत गेला तर ही मालिका पुन्हा. खात्यात पैसे नाहीत हे पहिल्या वेळीच कळलेले असते. पुन्हा पाठवण्याचा निर्णय संस्थेचा असतो, खर्च कर्जदाराचा. आणखी एक बारीक गोष्ट: रिझर्व्ह बँकेच्या नियमाखालच्या दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. कर्जाच्या खाते उताऱ्यात दंडाच्या ओळीला 18 टक्के जोडलेले दिसले तर लेखी हिशेब मागावा.

चौथा प्रश्न सगळ्यांत घातक आहे, आणि तो कधीच चर्चेत येत नाही: आलेला पैसा आधी कुठे जमा होतो. वरच्याच कर्जाचे उदाहरण घेऊ. जानेवारीचा हप्ता परत गेला, 500 रुपये आकार लागला. कर्जदाराने त्याच महिन्यात शाखेत जाऊन 4,992 रुपये रोख भरले. संस्थेच्या संगणकात आधी शुल्क, मग व्याज, मग मुद्दल असा क्रम बसवलेला आहे. म्हणून 500 शुल्काला गेले आणि जानेवारीच्या हप्त्यात 500 कमी पडले. फेब्रुवारीत हप्ता वेळेवर वळता झाला, पण त्यातले 500 जानेवारीच्या तुटीला गेले, म्हणून फेब्रुवारीचा हप्ता 500 ने अपुरा. अपुरा म्हणून पुन्हा 500 दंड. मार्चच्या हप्त्यातून आधी तो दंड, मग फेब्रुवारीची तूट. मार्चची तूट 1,000. एप्रिलची 1,500. असे चालत राहिले तर नोव्हेंबरमध्ये तूट 5,000 होते, म्हणजे पूर्ण हप्त्याएवढी. या माणसाने एकदा काही दिवस उशीर केला. त्यानंतर प्रत्येक महिन्याला पूर्ण हप्ता, ठरल्या तारखेला दिला. तरी वर्षअखेरीस त्याच्या नावावर अख्खा हप्ता थकीत दिसतो, पतअहवालात सलग उशिराच्या नोंदी पडतात आणि पुढचे कर्ज महाग होते किंवा मिळतच नाही.

यात कुणी खोटी नोंद केलेली नसते. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे कराराला धरून असते. दोष जमा करण्याच्या क्रमात आहे आणि तो क्रम करारात सातव्या-आठव्या पानावर बारीक अक्षरात असतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने 1985 पासून याला बंदी आहे: चालू हप्ता पूर्ण आणि वेळेवर आला असेल, तर केवळ आधीचा विलंब आकार भरलेला नाही म्हणून नवा विलंब आकार लावता येत नाही. तिथली राज्ये तर आणखी पुढे गेली. कॅलिफोर्नियात पगारापूर्वीचे लहान कर्ज देणाऱ्या दुकानदाराला राज्याचा परवाना लागतो. ग्राहकाचा धनादेश परत गेला तर त्याला जास्तीत जास्त 15 डॉलर घेता येतात, तेही एकदाच, आणि उशिराचा वेगळा दंड लावताच येत नाही. त्या धंद्यातल्या मूळ शुल्कावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण दंडापुरता कायदा आकड्यात आणि दोन ओळींत लिहिलेला आहे.

आपल्याकडे आकड्यात लिहिणे जमत नाही असे म्हणायला जागा नाही. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत घराची कागदपत्रे परत दिली नाहीत तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2023 चा नियम. एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले आणि पाच दिवसांत परत जमा केले नाहीत तर दिवसाला 100 रुपये, हा 2019 चा. संस्थेने ग्राहकाला काय द्यायचे हे रुपयांत ठरवता येते, तर ग्राहकाने संस्थेला काय द्यायचे याची वेळ आली की ‘वाजवी’ आणि ‘प्रमाणात’ या शब्दांवर का थांबायचे? 2023 च्या परिपत्रकात कमाल आकडा नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. ‘वाजवी’ काय ते संस्थेचे संचालक मंडळ ठरवते आणि कर्जदाराला वाद घालायचा तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे किंवा कोर्टात जावे लागते. 500 रुपयांसाठी कोण जाणार?

करार कायदा याबाबतीत जुनाच आणि स्वच्छ आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. चूक झाल्या तारखेपासून वाढीव व्याजाची अट ही दंडाची अट ठरू शकते, असे स्पष्टीकरणच त्या कलमाखाली आहे. 2001 मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की ठरलेले व्याज मुदतीगणिक मुद्दलात मिळवता येईल, पण दंडव्याज मुद्दलात मिळवता येणार नाही. म्हणजे 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने जे लिहिले ते तत्त्व बावीस वर्षे आधीच ठरलेले होते. तत्त्व होते, अंमल नव्हता. छोट्या कर्जदाराच्या बाबतीत कलम 74 कोर्टापर्यंत पोचतच नाही, कारण पतसंस्थेची वसुली दिवाणी दाव्याने होत नाही. ती होते कलम 101 च्या दाखल्याने.

थकबाकी झाली की पतसंस्था तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे सहकार कायद्याच्या कलम 101 खाली अर्ज करते. सोबत कर्जरोखा, जामीनपत्र, मागणी नोटिसा आणि खाते उतारा. निबंधक सुनावणी घेऊन वसुली दाखला देतो. मग कलम 156 खाली वसुली अधिकारी जप्ती, लिलाव करू शकतो. प्रक्रिया जलद आहे आणि ठेवीदाराच्या पैशासाठी ती जलद असणे गरजेचेच आहे. पण या अर्जातला उतारा पाहिला की कळते, मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवलेले असते आणि मग एक रकाना येतो: ‘इतर येणे’. त्यात दंडव्याज, नोटीस खर्च, वसुली प्रवास, विमा, कधी वकील फी, सगळे एकत्र. एकूण आकडा असतो. कोणत्या तारखेला, कोणत्या हप्त्यासाठी, कोणत्या दराने, किती दिवसांचे, हे अनेकदा नसते. दाखला एकूण रकमेवर निघतो.

आणि तो दाखला जामीनदारावरही निघतो. जामीनदाराला कर्जाचा हप्ता चुकल्याचे बहुतेक वेळा पहिल्या नोटिशीनेच कळते, आणि ती नोटीस निघेपर्यंत वर्ष-दीड वर्ष दंड साठलेला असतो. त्याला वेळीच कळले असते तर त्याने कर्जदाराला हलवले असते किंवा दोन हप्ते भरून खाते नियमित केले असते. ज्या चुकीची त्याला खबरच नाही तिचा दंड त्याच्या पगारातून कापला जातो. शिक्षक, एसटीचे वाहक, साखर कारखान्याचे कामगार अशा पगारदारांना जामीनदार म्हणून मागणी असते ती पगारकपातीची सोय असते म्हणूनच.

म्हणून दंडाची मर्यादा कायद्यात घालताना तिचा अंमल तुरुंगाच्या भीतीवर सोडू नये. तो वसुली दाखल्याला बांधावा. अलीकडे राज्यांचा कल उलटा दिसतो. कर्नाटकाने 2025 मध्ये लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा आणला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. तमिळनाडूनेही त्याच वर्षी त्याच वळणाचा कायदा केला. घरात घुसून धमकावणाऱ्याला तुरुंग हवाच. पण 1,565 रुपयांच्या दंडासाठी कुठलाही पोलीस गुन्हा नोंदवणार नाही आणि नोंदवू नये. तिथे उपाय एवढाच की बेकायदा लावलेला रुपया वसूल होऊ द्यायचा नाही.

कलमाचा मसुदा साधारण असा असावा. दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर, जितके दिवस थकला तितक्याच दिवसांचा, आणि पहिले तीन दिवस सवलतीचे. दर कर्जाच्या मूळ दराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. म्हणजे 18 टक्क्यांच्या कर्जावर दंड वर्षाला 6 टक्के. 4,992 च्या हप्त्यावर 30 दिवसांचे सुमारे 25 रुपये. ही रक्कम हास्यास्पद वाटेल त्यांनी हे लक्षात घ्यावे की थकलेल्या हप्त्यावर त्या महिन्याचे नेहमीचे व्याज, सुमारे 75 रुपये, संस्थेला मिळतच असते. दंड त्याच्या वर आहे. हप्ता परत गेल्याचा आकार प्रत्यक्ष खर्चाएवढा, हप्त्याच्या दोन टक्क्यांच्या आत आणि एका हप्त्याला एकदाच. दंड मुद्दलात मिळवायचा नाही, त्यावर व्याज नाही. जमेचा क्रम आधी व्याज, मग हप्त्यातले मुद्दल, शुल्क सगळ्यांत शेवटी. हप्ता चुकल्यापासून 30 दिवसांत जामीनदाराला लेखी किंवा नोंदवलेल्या मोबाइलवर कळवले नसेल, तर त्या काळाचा दंड जामीनदाराकडून वसूल होणार नाही.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची अट: कलम 101 च्या अर्जासोबतच्या उताऱ्यात प्रत्येक दंडाची ओळ तारीख, हप्ता क्रमांक, पाया, दर, दिवस आणि रक्कम या सहा गोष्टींसह नसेल, तर ती रक्कम दाखल्यात धरायची नाही. निबंधकाला चौकशी करावी लागणार नाही, निरीक्षक नेमावे लागणार नाहीत. ओळ नाही तर वसुली नाही. हे लागू झाले की पतसंस्थांचे सॉफ्टवेअर पुरवणारे दोन महिन्यांत उताऱ्याचा नमुना बदलतील, कारण दाखला अडला तर त्यांचा ग्राहक ओरडेल.

हा विचार परका नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथून दख्खनचे दंगे सुरू झाले तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्र, रोखे शोधून जाळले. राग हिशेबाच्या कागदावर होता. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायला सांगितले. मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडायचा, साठलेले व्याज मुद्दलात घातलेले असेल तर ते मुद्दल म्हणून धरायचे नाही, ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा द्यायचा. अर्थात त्या कायद्याची दुसरी बाजूही आहे. गहाणाचा हिशेब तपासला जातो म्हटल्यावर सावकार थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. 2014 च्या कायद्याने सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला, त्याची मुळे त्या अनुभवात आहेत.

विरोधकांचे दोन मुद्दे गांभीर्याने घ्यायला हवेत. एक, दंड हलका केला तर शिस्त जाईल आणि प्रामाणिक सभासदाने थकबाकीदाराचा भार उचलायचा. याला उत्तर असे की थकबाकीचा धोका व्याजदरात आधीच मोजलेला असतो. तारण नसलेले कर्ज तारण असलेल्यापेक्षा महाग असते ते त्याचसाठी. दंडाचे काम आठवण देण्याचे आहे, उत्पन्न वाढवण्याचे नाही. ज्या संस्थेच्या नफा-तोटा पत्रकात दंडव्याजाचा आकडा फुगलेला दिसतो, तिथे लेखापरीक्षकाने तो वसूल झालेला आहे की नुसताच येणे म्हणून दाखवला आहे, हे आधी पाहावे. न मिळालेले दंडव्याज उत्पन्नात धरून लाभांश वाटणे हा ठेवीदाराच्या पैशाशी खेळ आहे. म्हणून दंडाला आळा घालण्यात ठेवीदाराचेही हित आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. आंध्र प्रदेशाने ऑक्टोबर 2010 मध्ये मायक्रोफायनान्सविरुद्ध वटहुकूम काढला. आत्महत्यांच्या बातम्यांनंतर आलेला तो कायदा हेतूने चांगला होता, पण वसुलीची जागा, वेळ, नवे कर्ज देण्याची परवानगी, सगळ्यालाच त्याने एकदम हात घातला. ‘आता भरायची गरज नाही’ असा अर्थ गावोगाव निघाला, वसुली कोलमडली आणि कंपन्यांनी कर्ज देणे थांबवले. ज्या बायकांना वाचवायचे होते त्या परत दिवसाच्या व्याजाने पैसे देणाऱ्याच्या दारात गेल्या. महाराष्ट्राने या वाटेने जाऊ नये. वर मांडलेल्या मसुद्यात मुद्दल आणि ठरलेले व्याज यांना कुठेही धक्का नाही, वसुलीला स्थगिती नाही, माफीचा शब्दही नाही. कायदा जाहीर करताना मंत्र्यांनी ‘दिलासा’ हा शब्दही टाळावा. ‘हिशेबाची दुरुस्ती’ एवढेच म्हणावे.

वित्त कंपन्यांच्या बाबतीत राज्याकडे कायद्याचे हत्यार नाही, पण तोंड आहे. राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत रिझर्व्ह बँकेचे अधिकारी असतात. तिथे राज्य सरकारने 2023 च्या नियमात तीन गोष्टी जोडण्याची लेखी मागणी करावी: कमाल आकडा, बाऊन्स चार्जचा त्याच मर्यादेत समावेश आणि शुल्क शेवटी हा जमेचा क्रम. पतसंस्थांसाठी राज्याने आधी स्वतः हे करून दाखवले तर त्या मागणीला वजन येईल. दुसऱ्याच्या खात्यातला हिशेब मागताना आपली वही उघडी असावी लागते.

तोपर्यंत कर्जदाराने आणि विशेषतः जामीनदाराने एवढे करावे. दर सहा महिन्यांनी संस्थेकडे लेखी अर्ज देऊन खाते उतारा मागावा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. ‘इतर येणे’ रकान्याची फोड मागावी. हप्ता उशिरा भरताना पावतीवर ‘अमुक महिन्याचा हप्ता’ असे लिहून घ्यावे आणि शुल्क वेगळे भरावे, म्हणजे हप्त्यात तूट पडत नाही. कलम 101 ची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नये. सुनावणीला हजर राहून दंडाच्या प्रत्येक ओळीचा पाया, दर आणि दिवस विचारावेत आणि तो प्रश्न रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदवहीत, नोंदवायला लावावा. एकतर्फी निघालेल्या दाखल्याविरुद्ध पुढे भांडणे फार खर्चाचे पडते, आणि थकबाकीच्या अर्ध्या रकमेचा भरणा केल्याशिवाय पुनरीक्षण अर्ज दाखल करून घेतला जात नाही.